मुंबईच्या वास्तू आणि बाजार पाहायला येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या गावांहून मुंबई पाहायला येणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक प्रश्न कुलाब्यापासून दादरपर्यंतच्या पट्ट्याबद्दल असतात, त्यामुळे उत्तरांचा भरही तिथेच आहे. प्रवेशशुल्के आणि भाडी सतत बदलत असल्याने ती शक्यतो दिलेली नाहीत.

मुंबई पाहायला किती दिवस ठेवावेत? एका दिवसात होते का?

प्रमुख वास्तू बाहेरून पाहायच्या असतील तर एक दिवस पुरतो. वास्तू, एखादे वस्तुसंग्रहालय, घारापुरी आणि बाजार असे सगळेच मनात असेल, तर तीन दिवस ठेवावेत. पुण्याहून डेक्कन क्वीनने सकाळी साडेदहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला (सीएसएमटी) उतरून संध्याकाळी पाचनंतर त्याच गाडीने परतणाऱ्यांच्या हाती साधारण साडेसहा तास असतात. तेवढ्या वेळात फोर्टमधली पायी फेरी आणि क्रॉफर्ड मार्केटचा परिसर नीट पाहून होतो, मात्र त्यात घारापुरी कोंबू नये. एका दिवसात ‘संपूर्ण मुंबई दर्शन’ घडवणाऱ्या बसमधून शहराचा अंदाज येतो, पण निम्मा वेळ चढण्या-उतरण्यात जातो आणि बाजारांना त्या कार्यक्रमात जागा नसतेच.

कोणत्या वारी यावे? काय कधी बंद असते?

मुंबईच्या सहलीचे नियोजन नकाशावरून न करता आधी वारावरून करावे, कारण इथली ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत, पण त्यांच्या सुट्ट्या एकमेकींशी मुळीच जुळत नाहीत. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्यातली कान्हेरी लेणी आणि वरळीचे नेहरू तारांगण यांचीही सुट्टी सोमवारीच असते, आणि दादरची बरीच दुकाने त्याच दिवशी बंद राहतात. बुधवारी भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आणि तिला लागूनच असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, त्यामुळे गुरुवारी जाणाऱ्यांनी आदल्या दिवशीचे कॅलेंडर पाहून घ्यावे. शुक्रवारी चोर बाजारातली दुकाने बंद असतात, पण त्यात एक खोच आहे. ती चोर बाजाराच्या प्रश्नात सांगितली आहे. रविवारी मंगलदास मार्केट, झवेरी बाजार, लोहार चाळ आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा लॅमिंग्टन रोड हे सगळे शांत असतात. कुलाबा कॉजवे आणि फॅशन स्ट्रीट आठवडाभर सुरू असतात, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडे असते, त्यामुळे सोमवारी मुंबईत अडकलेल्यांनी तिकडे वळावे.

निवड तुमच्या हाती असेल, तर मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस सर्वांत सोयीचे. फक्त राणीची बाग बुधवारी ठेवू नये आणि मंगळवारी सिद्धिविनायकाला मोठी रांग असते हे ध्यानात घ्यावे. नोकरीमुळे शनिवार-रविवारच शक्य असेल, तर बाजार शनिवारी करावा आणि वास्तू रविवारी पाहाव्यात. रविवारी फोर्टमधली कार्यालये बंद असल्याने एरवी माणसांनी आणि गाड्यांनी भरलेले रस्ते मोकळे असतात आणि मान वर करून इमारती पाहता येतात. रविवारची लोकलबाबतची अडचण पुढे प्रवासाच्या प्रश्नात दिली आहे.

मुक्काम कुठे करावा?

फक्त दक्षिण मुंबई पाहायची असेल तर फोर्ट, कुलाबा किंवा गिरगाव परिसर सोयीचा असतो, पण तिथली राहण्याची सोय महाग पडते. मध्यम खर्चात दादर उत्तम, कारण पश्चिम आणि मध्य रेल्वे या दोन्हींच्या लोकल तिथे मिळतात आणि भुयारी मेट्रोचे स्थानकही आहे. स्वस्त खोलीसाठी वसई किंवा कल्याण गाठून रोज सकाळी गर्दीच्या लोकलने येण्याचा बेत मुलाबाळांसह मुळीच करू नये.

शहरात कशाने फिरावे? लोकलची भीती वाटते.

लोकलची गर्दी दिशेवर आणि वेळेवर अवलंबून असते. सकाळी साधारण आठ ते अकरा या वेळेत दक्षिणेकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळेत उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. उलट दिशेने त्याच वेळी बसायला जागा मिळते. चर्चगेट हे पश्चिम रेल्वेचे आणि सीएसएमटी हे मध्य रेल्वेचे शेवटचे स्थानक असून दोन्हींमध्ये पायी वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर आहे, याचा नवख्यांना हमखास विसर पडतो. बायकांचे डबे वेगळे असतात, म्हणून कुटुंबाने दोन डब्यांत विभागून बसायचे ठरवले, तर गाडीत चढण्यापूर्वीच उतरायचे स्थानक आणि तिथे भेटायची जागा पक्की करावी. संध्याकाळी दादरला उतरायचे असेल तर विरार फास्ट पकडू नये, कारण ती दादरला थांबत असली तरी दाराशी उभ्या असलेल्या विरारकरांमधून वाट काढून उतरणे हे नवख्याचे काम नाही. वारंवार चढ-उतार करणाऱ्यांसाठी एक, तीन आणि पाच दिवसांची पर्यटक तिकिटे रेल्वे देते.

ज्यांना लोकल नको, त्यांच्यासाठी आता मेट्रो-३ हा चांगला पर्याय आहे. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली. तिच्या सिद्धिविनायक, दादर, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक आणि चर्चगेट या स्थानकांची नावे वाचली, तरी ही गाडी पर्यटकांसाठीच आखली असावी असे वाटते. जवळच्या अंतरासाठी बेस्टची बस किंवा काळी-पिवळी टॅक्सी घ्यावी. रिक्षा मात्र माहीम आणि शीवच्या दक्षिणेस चालत नाहीत, त्यामुळे दादरला उतरून रिक्षा शोधत बसू नये.

रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो. तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी चार-पाचपर्यंत चालतो, काही गाड्या रद्द होतात आणि काही धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्याने मधल्या स्थानकांवर थांबत नाहीत. कोणत्या मार्गावर ब्लॉक आहे हे एक-दोन दिवस आधी जाहीर होते.

स्वतःची गाडी आणावी का?

आणू नये. फोर्ट आणि काळबादेवीत गाडी उभी करायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात एक बाजार पाहून होतो. आणायचीच असेल, तर ती मुक्कामाच्या जागी ठेवून पुढे मेट्रोने फिरावे. दुचाकीने येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी मार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकींना बंदी आहे.

सकाळी गाडीतून उतरल्यावर सामान कुठे ठेवायचे?

सीएसएमटी आणि मुंबई सेंट्रल या मोठ्या स्थानकांवर रेल्वेची सामान ठेवण्याची सोय आहे. बॅगेला कुलूप नसेल तर ती घेत नाहीत, म्हणून लहान कुलूप सोबत असावे, आणि प्रवासाचे तिकीटही जपून ठेवावे. मोठ्या बॅगा घेऊन गेटवेला जाऊ नये, तिथे आत जाताना तपासणी होते.

मुख्य वास्तू पायी एका फेरीत पाहता येतात का? कुठून सुरुवात करावी?

येतात, आणि फोर्ट परिसर पाहण्याची हीच योग्य रीत आहे. सीएसएमटीपासून गेटवेपर्यंतचे अंतर आडवळणांसह तीन-साडेतीन किलोमीटर होते. वस्तुसंग्रहालय न पाहता ते तीन तासांत आरामात होते. सकाळी आठच्या सुमारास सुरुवात केली तर ऊन आणि गर्दी दोन्ही टळतात, आणि बाजार उघडेपर्यंतचा वेळ सत्कारणी लागतो.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या सीएसएमटीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले. युनेस्कोने २००४ मध्ये या स्थानकाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे. सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा. मुख्य इमारतीत मध्य रेल्वेचे मुख्यालय असल्याने ती सर्वत्र फिरून पाहता येत नाही, पण उपनगरीय तिकिटांच्या दालनाचे छत पाहायला कोणी अडवत नाही, आणि रोज लाखो माणसे ज्या छताखालून जातात ते वर न पाहताच जातात, हे थोडे खेदाचेच आहे. रस्त्यापलीकडची महानगरपालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच आहे आणि तिथूनच स्थानकाचे संपूर्ण दृश्य छायाचित्रात मावते.

तिथून दादाभाई नौरोजी मार्गाने कमानींखालच्या सावलीतून हुतात्मा चौकात यावे. इथे १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक शेजारीशेजारी आहेत. डावीकडे आत गेल्यास हॉर्निमन सर्कल आणि १८३३ चा टाउन हॉल लागतो, ज्यात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. उजवीकडे उच्च न्यायालयाच्या मागे ओव्हल मैदान आहे आणि या फेरीतले सर्वांत बोलके दृश्य तिथेच आहे. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशी एकोणिसाव्या शतकातली गॉथिक रांग उभी आहे. पश्चिमेला समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर विसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती आहेत. गॉथिक रांग बांधली तेव्हा तिच्यासमोर मैदानापलीकडे समुद्रच होता. दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आपल्या आईचे नाव दिले.

पुढे काळा घोडा. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला आणि आता राणीच्या बागेत आहे. चौकातला स्वाराविना असलेला घोडा २०१७ मधला आहे. पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये आले तेव्हा गेटवे बांधून झालाच नव्हता, म्हणजे ज्यांच्या स्वागतासाठी ही कमान, त्यांना ती पाहायला मिळालीच नाही. जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीतून परत गेली.

घारापुरीला कसे जावे? तिथे किती वेळ लागतो?

गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमारास बोटी सुटू लागतात आणि दुपारी दोनच्या सुमारास शेवटची बोट जाते. एका बाजूचा प्रवास साधारण तासाभराचा आहे. जाण्या-येण्याचे तिकीट एकत्रच मिळते. ते परतीपर्यंत सांभाळावे. बेटावर उतरल्यावर ग्रामपंचायतीचा कर आणि लेण्यांपाशी पुरातत्त्व विभागाचे तिकीट वेगळे घ्यावे लागते. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे असते, त्यापुढे सुमारे १२० पायऱ्या चढाव्या लागतात, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. माकडांपुढे खाऊची पिशवी उघडू नये. बोटीत लाइफ जॅकेट दिले जाते, ते घालूनच बसावे.

हे बेट मुंबईचे मानले जाते, पण ते रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यात आहे. मुख्य लेण्यातली सुमारे सहा मीटर उंचीची सदाशिवाची मूर्ती पाहायला सगळेच जातात. दारातल्या आणि बाजूच्या भग्न शिल्पपटांपुढेही थोडे थांबावे. बेटाला एलिफंटा हे नाव ज्या दगडी हत्तीवरून पडले, तो १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात पडून फुटला. पुढे त्याचे तुकडे जोडले गेले आणि तो आता राणीच्या बागेच्या आवारात आहे. सोमवारची सुट्टी वर दिलीच आहे. पावसाळ्यातल्या बोटींबद्दल पुढे पाहावे.

क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात कुठे काय मिळते?

आधी वेळ लक्षात घ्यावी. काळबादेवी-भुलेश्वर पट्ट्यातली दुकाने सकाळी अकराच्या सुमारास नीट लागतात आणि संध्याकाळी सातनंतर आवरती होतात. नऊ वाजता पोचून अर्धवट उघडलेल्या शटरांपुढे ताटकळण्यात अर्थ नाही.

क्रॉफर्ड मार्केटचे आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली आणि पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव तिला मिळाले. दारावरच्या कमानींत शेतकऱ्यांची आणि बाजाराची जी उठावशिल्पे आहेत, ती लॉकवुड किपलिंग यांची. फळे, सुका मेवा, मसाले, परदेशी चॉकलेटे आणि घरगुती वापराच्या वस्तू इथे मिळतात. रस्ता ओलांडला की कापडाचे मंगलदास मार्केट लागते. ताग्यांतून मीटरवर कापड घेणाऱ्यांनी इथेच यावे. साड्या आणि ड्रेस मटेरियलसाठी दादर पूर्वेकडचे हिंदमाता अधिक सोयीचे आहे. विजेच्या वस्तू, दिवे आणि तोरणांसाठी लोहार चाळ, हत्यारे आणि हार्डवेअरसाठी नागदेवी स्ट्रीट, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पायधुणीजवळचा तांबाकाटा, पूजेचे साहित्य आणि खोट्या दागिन्यांसाठी भुलेश्वर अशी ढोबळ वाटणी आहे. या सगळ्या गल्ल्या एकमेकींना लागून आहेत, पण एका दुपारी दोनच कराव्यात. चार करायला निघालेले लोक तिसऱ्या गल्लीत भांडू लागतात.

बरीच दुकाने घाऊक आहेत. एकच नग मागितल्यास दुकानदार नकार देतो, आणि त्यात त्याचा उद्धटपणा नसून व्यवहार असतो. ‘रिटेल देता का?’ असे आत शिरतानाच विचारावे.

भाव करावा का? किती?

कुलाबा कॉजवे आणि फॅशन स्ट्रीटवर जरूर करावा. तिथे सांगितलेली किंमत ही बोलणीची सुरुवात असते आणि निम्म्यापासून बोलायला लाजू नये. मंगलदासमध्ये मीटरमागे थोडेफार कमी होते, तेही कापड जास्त घेतल्यास. घाऊक दुकानांत आणि जिथे ‘एकच भाव’ अशी पाटी आहे तिथे घासाघीस करून उपयोग होत नाही. सकाळी पहिले गिऱ्हाईक असाल आणि घ्यायचे नसेल, तर भाव विचारून निघून जाऊ नये; बोहनीचा मान अजूनही पाळला जातो. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालते, तरी गर्दीत नेटवर्क अडते म्हणून थोडी रोकड असावी.

झवेरी बाजारात सोने स्वस्त मिळते म्हणतात. घ्यावे का?

सोन्याचा दर सगळीकडे जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो घडणावळीत आणि निवडीत. दागिना घेताना हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक पाहावा. हा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे आणि बीआयएस केअर या अॅपवर तो तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाऊ असे काही प्रकार या सक्तीतून वगळलेले आहेत, त्यामुळे अशा दागिन्यावर क्रमांक नसला म्हणजे फसवणूकच झाली असे नाही. मात्र तिथे ओळखीचा सराफ आणि तपशीलवार पावती यांचे महत्त्व वाढते. पावतीवर सोन्याचे वजन आणि खड्यांचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे.

चोर बाजार शुक्रवारी बंद असतो की शुक्रवारीच भरतो?

दोन्ही खरे आहे. मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकाने शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे आजूबाजूच्या रस्त्यांवर जुन्या मालाचा बाजार मांडला जातो आणि ऊन चढेपर्यंत तो आवरतो. जुने लाकडी सामान, दिवे, घड्याळे, चित्रपटांची पोस्टरे, ग्रामोफोन पाहायचे असतील, तर इतर दिवशी दुपारी जावे. ‘शंभर वर्षे जुने’ म्हणून दाखवलेल्या बऱ्याच वस्तू नव्याने घडवून जुन्या केलेल्या असतात. वस्तू आवडली म्हणून घ्यावी, वय ऐकून घेऊ नये.

दादरचा फुलबाजार आणि लालबागचा मसाला बाजार पाहण्यासारखे आहेत का?

माझ्या मते कुलाबा कॉजवेपेक्षा कितीतरी अधिक. दादर पश्चिमेला स्थानकाबाहेर, सेनापती बापट मार्गालगत फुलांचा बाजार पहाटेच सुरू होतो. सहा-सातच्या आत गेल्यासच त्याची खरी उलाढाल दिसते, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या राशींतून पाय ठेवायला जागा नसते. लालबागच्या मिरची गल्लीत मार्च ते मे हा हंगाम. घरोघरच्या बायका ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्या निवडून, गरम मसाला भाजून घेऊन वर्षाचा मसाला डंकावर कुटून घेतात. पाहुण्यांनाही अर्धा-एक किलो तयार मसाला मिळतो. जवळच चिवड्याची दुकाने आहेत. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी गल्लीत नाकाला रुमाल लावूनच शिरावे.

पावसाळ्यात आलो तर?

वास्तू ओल्या उजेडात सुंदर दिसतात आणि मंगलदाससारखे छताखालचे बाजार चालू असतात, पण घारापुरीच्या बोटी हवामानावर अवलंबून असतात आणि ऐनवेळी बंद होऊ शकतात. भरतीच्या वेळा आधी पाहाव्यात: साडेचार मीटरहून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की सखल भागात पाणी तुंबते, आणि हिंदमाता हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव आहे. हाजी अलीची वाट तर मोठ्या भरतीत पाण्याखालीच जाते, मग पाऊस असो वा नसो.

लहान मुले किंवा वयस्कर माणसे सोबत असतील तर काय वगळावे?

भुलेश्वर आणि चोर बाजार वगळावेत. वस्तुसंग्रहालय, राणीची बाग आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह एवढे पुरे. तारापोरवाला मत्स्यालयाबद्दल अजूनही विचारणा होते. ते काही वर्षांपासून बंद आहे.

गणेशोत्सवात किंवा ६ डिसेंबरला यावे का?

गणपती पाहायला येत असाल तर जरूर यावे, पण मग वास्तू आणि बाजार यांचा बेत सोडावा. उत्सवाआधीच्या आठवड्यात मखरे, तोरणे आणि सजावटीच्या खरेदीसाठी दादर, लोहार चाळ आणि क्रॉफर्ड मार्केट ओसंडून वाहतात; अनंत चतुर्दशीला गिरगावकडचे रस्ते वाहनांसाठी बंद होतात. लालबागच्या राजाला नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग वेगळ्या असतात आणि नवसाच्या रांगेत पूर्ण दिवसही जाऊ शकतो. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनानिमित्त चैत्यभूमीवर देशभरातून अनुयायी येतात. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी दादर, शिवाजी पार्क परिसरात केवळ खरेदीसाठी जाऊ नये.

परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना चोर बाजारातून जुनी वस्तू घेऊन द्यायची आहे. विमानात नेता येते का?

वस्तू खरोखर जुनी असेल तर नाही. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. नवी असूनही जुनी दिसणारी मूर्ती किंवा समई विमानतळावर अडवली जाऊ शकते, म्हणून वस्तू नव्या बनावटीची असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेली पावती घ्यावी, आणि शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरातन नसल्याचा दाखला आधीच काढून घ्यावा. त्याला वेळ लागतो, त्यामुळे परतीच्या आदल्या दिवशी अशी खरेदी करू नये.